बुलबुल गेली, टिटवी गेली

१

बकुळने निरोप घेतला तो मोजक्या चार वाक्यांत. पडद्यावर तिची टिटवी रोजच्यासारखी चितारलेल्या घाटाच्या पायरीवर बसली होती, पापण्या मिटत-उघडत होती. "दोस्तों, आज मेरा आख़िरी दिन है," ती म्हणाली. आभार मानले, पंख हलवला, आणि पडदा काळा झाला. खाली हजारो प्रेक्षकांचे प्रश्न धावत राहिले. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

आठवड्यापूर्वी ईशानीची बुलबुलही अशीच गेली होती. आता चिड़ियाघाटावर एकटी मैना उरली, आणि मैना म्हणजे ऋता.

चिड़ियाघाट हा तिघी मुलींचा गट. आपापल्या घरी बसून त्या इंटरनेटवर थेट कार्यक्रम करायच्या. हिंदीत गप्पा, गाणी, काशीच्या गल्ल्यांतल्या भुताखेतांच्या गोष्टी. चेहरा मात्र त्यांचा कुणाला दिसत नसे. समोरचा कॅमेरा मुलीचा चेहरा टिपायचा. ती हसली की पडद्यावरची चितारलेली पक्षीण हसायची, तिने मान वळवली की पक्षीण मान वळवायची. तिघी मराठी घरांतल्या, तिघी काशीतच वाढलेल्या, आणि तरी एकमेकींना त्या कधी भेटल्या नव्हत्या. आवाज, फोन नंबर आणि पहिलं नाव, एवढीच ओळख. गट चालवणाऱ्या निमिषचा तसा नियमच होता. एकीचं घर कुणाला कळलं तरी बाकीच्या सुरक्षित राहाव्यात, असं तो म्हणायचा.

ऋताला तो नियम आवडायचा. तिचे वडील वासुदेवशास्त्री ब्रह्माघाटावर वेदपाठशाळा चालवत. मुलगी खोलीचं दार लावून ऑनलाइन इंग्रजी शिकवते, अशी त्यांची समजूत होती. मैना भुतांचे आवाज काढते, प्रेक्षकांच्या प्रेमप्रकरणांवर सल्ले देते, कधी चावट हसते, हे गल्लीत कळलं असतं तर शास्त्रीबुवांना पाठशाळेच्या ओसरीवर बसणं कठीण झालं असतं.

तिने बकुळला फोन लावला. बंद. ईशानीचा तर आठवड्यापासून बंद होता. फोन ठेवते न ठेवते तोच तो थरथरला. अनोळखी खात्यावरून एक चित्र आलं होतं. पेन्सिलीने काढल्यासारखं, मोबाइलमधल्या कुठल्याशा करामतीने फोटोचं केलेलं.

चित्रात ऋता होती. मैना नव्हे, खुद्द ऋता. मोकळे केस, भुवईला छेदून गेलेला लहानपणचा व्रण, नाकात चमकी, ओठ किंचित उघडे. हुबेहूब.

खाली तीन ओळी होत्या. "मैना को छोड़ दो। शनिवार तक। किसी को बताया तो यह चेहरा सब देखेंगे।"

ऋताने आधी खिडकी लावली. मग कडी लावली. मग खोलीच्या मधोमध उभी राहून तिला कळेना, की आता आणखी काय लावायचं.

२

न सांगण्याची धमकी होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती शरदिनीआत्याकडे गेली. आत्या तिच्या वडिलांची थोरली बहीण, चार घरं सोडून राहायची. बँकेच्या दक्षता विभागात तिची हयात गेली होती. गैरव्यवहार केलेल्या माणसांसमोर बसायचं आणि त्यांना बोलू द्यायचं, हे तिचं काम. ती फार विचारत नसे. समोरचा गप्प झाला की तीही गप्प बसायची, आणि मग समोरच्यालाच ती शांतता सोसत नसे.

ऋताने सगळं सांगितलं. आपणच मैना आहोत हेसुद्धा. आत्या रागावली नाही. चित्र तिने चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली, पण बोलली नाही. मग त्या तीन ओळींवर बोट ठेवलं.

"गट सोड, असं नाही लिहिलेलं. मैना को छोड़ दो. जसं काही तू तिला धरून ठेवलंयस."

ऋताचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

तुम्हाला ओळखणारे किती, असं आत्याने विचारलं. ऋताच्या मते तिघं. एक निमिष, शाळेपासूनचा मित्र, तिघींची नावं-पत्ते फक्त त्याच्याकडे. दुसरा सुश्रुत, त्याने तिन्ही पक्षिणी चितारल्या, कॅमेऱ्याचा प्रोग्रामही त्याचाच, पण तो रेल्वे कॉलनीत राहायचा आणि मुलींपैकी कुणालाच त्याने पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्याबद्दल बोलताना ऋताचा आवाज खाली गेला. चार दिवसांपासून निळ्या छत्रीचा एक मुलगा तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहायचा. वर बघायचा आणि निघून जायचा.

आत्याने लगेच काही केलं नाही. तिने फोन घेतला. ईशानीचे वडील बँकेत आहेत, एवढं ऋताला गप्पांमधून कळलेलं होतं, आणि काशीतली बँकेतली मराठी माणसं आत्याला तोंडपाठ होती. तिसऱ्या फोनला पत्ता लागला. ईशानी ग्वाल्हेरला मामाकडे होती. मामाच्या फोनवर ती आली तेव्हा आधी नुसतं रडत होती. तिलाही तसंच चित्र आलं होतं. तिच्या चेहऱ्याचं. तिने त्याच दिवशी मोबाइल बंद केला, संध्याकाळची गाडी पकडली, आणि त्यानंतर स्वतःच्या नावाने इंटरनेटवर काही बघायचं तिचं धाडस झालं नव्हतं.

"पण तू निरोप किती छान घेतलास," ऋता म्हणाली. "मी रडले होते."



"कसला निरोप?" ईशानी म्हणाली. "मी गेले ती कुणाला काही न बोलताच."

३

त्या दिवशी गंगा आणखी चढली. ब्रह्माघाटाच्या पायऱ्या केव्हाच बुडाल्या होत्या, पाणी वरच्या दगडी चौथऱ्यांना लागलं होतं. श्रावणातल्या या दिवसांत काशीत नदीकडे तोंड करून राहणारी माणसं खालच्या आवाजात बोलतात. ऋताला वाटत होतं की पाणी आणि धमकी देणारा तो माणूस, दोघंही एकाच वेगाने तिच्या दाराकडे येताहेत.

निळी छत्री दुपारी आली. शास्त्रीबुवा पाठशाळेत होते, आणि आत्या ऋताच्या घरी दाराआडच उभी होती. तिने बाहेर पाऊल टाकलं आणि शांतपणे त्या मुलाचं मनगट धरलं.

त्याचं नाव ऋतुराज. बालाजी घाटामागे राहायचा, औषधांच्या दुकानात बसायचा, आणि चिड़ियाघाटाचा एकही कार्यक्रम त्याने चुकवलेला नव्हता. आत्याने त्याला ओसरीवर बसवलं. ऋता आतल्या खोलीतून, पडद्याआडून ऐकत होती. 

गल्ली कशी सापडली, या प्रश्नावर तो खाली मान घालून म्हणाला, की मैनाच्या कार्यक्रमात मागून एका देवळाची घंटा ऐकू यायची, ती त्याच्या ओळखीची होती. घंटेवरून गल्ली, गल्लीवरून उजेड असलेली खिडकी.  इतके दिवस आपण लपलोय अशी ऋताची समजूत होती, आणि घंटा रोज तिचा पत्ता सांगत होती.

मी त्रास द्यायला आलो नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बोलायला धीर होत नव्हता, पण बोलणं भाग होतं. बुलबुलचा निरोप त्याने चारदा ऐकला होता.

"माँजी, पीछे नाव चल रही है," तो म्हणाला. "मोटरवाली. साफ़ सुनाई देती है."

आत्या म्हणाली, मग काय झालं, काशीत मोटरबोटी चालणारच.

मुलाने मान हलवली. पाणी चढल्यापासून बोटी बंद होत्या. निरोपाच्या दोन आठवडे आधीपासून सगळ्या दोरखंडाने बांधलेल्या, नदीत एकही हलत नव्हती. टिटवीच्या निरोपातही तीच फटफट होती. तो कार्यक्रम त्या दिवशीचा नव्हताच. कुणीतरी जुन्या कार्यक्रमांतली वाक्यं कापून जोडली होती आणि पक्षिणीच्या तोंडी घातली होती.

आत्याने त्याला चहा दिला, आणि परत या गल्लीत उभा राहिलास तर तुझ्या आईला भेटेन, असंही बजावलं. तो गेल्यावर ती आत आली.

"म्हणजे मुली पळाल्यावर त्यांचा आवाज कुणीतरी ठेवून घेतलाय," ती म्हणाली.

ऋताचा हात नकळत गळ्याकडे गेला.

४

निमिषचं काम बालाजी घाटाजवळच्या एका वरच्या खोलीतून चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋता आत्याबरोबर तिथे गेली. पत्ते फक्त त्याच्याकडे होते. दुसरं कोण असणार?

तो स्वतःच घाबरलेला दिसला. दाढी वाढलेली, डोळे लाल. दोघींचे फोन बंद होते, बकुळच्या घराला तर कालपासून बाहेरून कुलूप होतं. अहिल्याबाई घाटामागचं घर. शेजारी म्हणाले की माणसं नागपूरला गेली. निरोपाचे कार्यक्रम मुलींच्या स्वतःच्या खात्यांवरून झाले होते, त्यामुळे त्याला शंका आली नव्हती. खात्यांचे पासवर्ड त्याच्याकडे होते आणि दुरुस्तीसाठी सुश्रुतकडे.

आत्याने सुश्रुतबद्दल विचारलं. माणूस गुणी आहे पण भलताच काटेकोर, असं निमिष म्हणाला. देवदिवाळीच्या पोस्टरवर छापणाऱ्याने मैना उलटी छापली, म्हणजे कपाळावरची बट डावीकडची उजवीकडे गेली. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. सुश्रुतने सगळी पोस्टरं फाडायला लावली आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मग आत्याने त्याच्यासमोर फोन धरला. ऋताला आलेलं चित्र.

निमिष बघत राहिला. "ही कोण?" त्याने विचारलं. मग ऋताकडे पाहिलं, परत चित्राकडे. "तुझ्यासारखी आहे. पण तू नाहीस. बहीण वगैरे वाटते. काहीतरी बिघडलंय चेहऱ्यात."

ऋताला राग आला. तिने ते चित्र शंभरदा पाहिलं होतं. रेषान् रेष तिची होती.

आत्या मात्र सुस्कारा सोडून म्हणाली, "मलाही काल असंच वाटलं. म्हातारपणाने वाटलं असेल म्हणून गप्प बसले."

तिने ऋताचा दंड धरून तिला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं आणि वरच्या आरशाशेजारी फोन टेकवला. आरशातली ऋता आणि चित्रातली ऋता अगदी सारख्या होत्या. तीच बाजू, तोच व्रण, तशीच चमकी.

"आता चमकीला हात लाव," आत्या म्हणाली.

ऋताने लावला. चमकी तिच्या डाव्या नाकपुडीत होती. घरातल्या सगळ्या बायकांची असते तशी. चित्रातल्या मुलीच्या ती उजवीत होती.

"तू स्वतःला आयुष्यभर आरशात बघत आलीस, म्हणून तुला ते हुबेहूब वाटलं. आम्ही तुला समोरून बघतो, म्हणून आम्हाला ते चुकलेलं दिसतं. ज्याने हे केलं त्याने तुला समोरून कधी पाहिलेलं नाही, ऋता. तुझ्या आरशात बसून पाहिलंय."

 ऋताच्या डोळ्यांसमोर तिच्या खोलीतलं टेबल आलं. कार्यक्रमाच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडायची. कॅमेऱ्याला काय दिसतंय ते तिला कळावं म्हणून. त्या चौकटीत ती स्वतःला आरशासारखीच दिसायची. ती तिथे केस नीट करायची. कार्यक्रम संपल्यावर कधी कधी चौकट तशीच उघडी ठेवून कपडे घड्या करायची, जेवायची, एकदा बाबांशी भांडण झालं तेव्हा रडलीही होती.

ती चौकट फक्त तिला दिसते, असं तिला सांगण्यात आलं होतं.

५

प्रोग्राम सुश्रुतचा होता. पण तेवढ्याने काही ठरत नाही, असं आत्या म्हणाली. निमिषही त्या चौकटीत घुसला असेल, ऋतुराजसारखा नाद लागलेला पोरगाही. खरं तर निमिषवरचा संशय जवळजवळ फिटला होता. उलटा चेहरा त्याला पाहताक्षणी खटकला होता, तोच त्याने धमकी म्हणून पाठवला नसता. तरी आत्याला अंदाज नको होता. तिने चौकातल्या दुकानात त्या चित्राची एक मोठी प्रत छापून घेतली. दुकानदाराला काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि गुंडाळी पिशवीत घातली.

रेल्वे कॉलनीत ती एकटीच वर गेली. निमिषने आधी फोन करून ठेवला होता, की माझ्या ओळखीच्या एक बाई सल्ला घ्यायला येताहेत. आत्याचा फोन पिशवीत चालू होता आणि खाली जिन्यात उभी राहून ऋता कानाला फोन लावून ऐकत होती. तोच असेल, तर वर्षभर तो तिला बघत आला होता. आता ती त्याचा आवाज ऐकत होती, आणि तो इतका साधा, इतका अदबशीर आवाज होता की तिला जास्तच भीती वाटली.

त्याने आत्याला पाणी दिलं. मुली गेल्याचं वाईट झालं म्हणाला. मी त्यांना कधी पाहिलं नाही हो, असंही आपणहून म्हणाला. मला कुणाचा चेहरा माहीत नाही, मी फक्त पक्ष्यांना ओळखतो.

मग कागद उलगडल्याचा आवाज आला. आत्या सांगत होती, की माझ्या भाचीला कुणीतरी हे पाठवलंय. तुम्ही चित्रकार. कुठल्या प्रकारचं काम आहे, एवढं सांगता आलं तर बरं.

शांतता. आत्याची ती शांतता. 

"छापणाऱ्याने घोळ केलाय," सुश्रुत म्हणाला. आवाजात खरीखुरी चीड होती. "उलटं छापलंय हे."

"उलटं?"

"चमकी ह्या बाजूला नाही. व्रण पण. सगळं फिरवलंय. हे लोक कधीच नीट..."

तो थांबला.

"मी मुद्दाम फिरवून छापायला सांगितलं," आत्या म्हणाली. "आता ते सुलट आहे, सुश्रुत. माझी भाची खरी अशी दिसते. तिला भेटलेला कुणीही हेच चित्र बरोबर म्हणेल. आणि तिला कधीच न पाहिलेल्या माणसाला काहीच सांगता येणार नाही. उलटं हे फक्त त्याला वाटेल, ज्याने दुसरं पाठवलं."

ऋताने खालीच थांबावं असं ठरलं होतं. पण तिचे पाय जिना चढून गेले. दार उघडंच होतं. खोलीत दोन मोठे पडदे होते, आणि दोन्हींवर तिच्या मैत्रिणींच्या पक्षिणी होत्या. बुलबुल आणि टिटवी, पापण्या मिटत-उघडत, कुणाची तरी वाट बघत. मध्ये तिशीचा, सडपातळ, नीट भांग पाडलेला माणूस बसला होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते घाबरणं नव्हतं, निराशा होती.

"तू अशी नाहीस," तो म्हणाला.

आत्याने त्याला बोलू दिलं. तो बोललाही, लपवाछपवी न करता, जणू समजावून सांगतोय. पक्षिणी त्याच्या होत्या. त्यांना खोकला येत नाही, कंटाळा येत नाही, त्या कुणाच्या लग्नाला म्हणून दोन दिवस सुट्टी घेत नाहीत. ईशानी मध्येच शिंकायची. बकुळ रडक्या आवाजात बोलायची. ऋता मैनाच्या तोंडून असलं काही बोलायची, जे मैना कधी बोलली नसती. आवाज आता पुरेसे साठले होते. मुली नसल्या तरी पक्षिणी बोलू शकल्या असत्या, कायमच्या. त्याने कुणाला इजा केली नव्हती. फक्त जायला सांगितलं होतं.

"बकुळ कुठे आहे?" ऋताने विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "टिटवी तर इथेच आहे."

आत्याच्या बोलावण्यावरून सायबर ठाण्यातली इन्स्पेक्टर बाई तोवर खाली आली होती. तिने वर येऊन पडदे बंद केले, तेव्हा सुश्रुतने पहिल्यांदाच हात जोडले.

६

बकुळच्या घराला अजून कुलूप होतं. पण अहिल्याबाई घाटामागच्या त्या गल्लीत उभं राहून आत्याने वर पाहिलं आणि म्हणाली, की नागपूरला गेलेली माणसं गच्चीत ओले कपडे टाकून जात नाहीत. कुलूप बाहेरून लावून मागच्या दाराने आत शिरलं की घर रिकामं दिसतं. भ्यायलेली माणसं असंच करतात.

ऋता मागच्या बोळात गेली. लहानसं लाकडी दार, फळ्यांमध्ये बोटभर फट. तिने कडी वाजवली. आत काहीतरी हललं आणि थांबलं.

"बकुळ, मी ऋता. मैना."

 मग ती मैनाच्या आवाजात बोलली, कार्यक्रमाच्या सुरुवातीला रोज घालायची ती साद घातली. आतून दबक्या आवाजात हुंदका आला. बकुळचाच. पण दार उघडलं नाही.

"आवाज कुणीही काढतंय," आतून बकुळ म्हणाली. "मी माझाच निरोप ऐकलाय. मी बोललेच नव्हते, आणि मी बोलत होते. जा तुम्ही इथून. प्लीज."

ऋताने तिला सांगितलं की तो माणूस धरला गेलाय, ईशानी सुखरूप आहे, तिच्या मामाच्या फोनवर आत्ता बोलता येईल. बकुळ नुसती नाही नाही म्हणत राहिली. फोनवरचा आवाज, दाराबाहेरचा आवाज, तिच्या लेखी आता कुठल्याच आवाजाचा भरवसा उरला नव्हता.

खरं तर ऋताही तिथून पळून जायच्या बेतात होती. बोळाच्या तोंडाशी दोनतीन माणसं थांबून बघू लागली होती. ओढणी तिने बाहेर पडताना डोक्यावरून तोंडावर घट्ट ओढून घेतली होती. दोन दिवसांत ती उघड्या चेहऱ्याने रस्त्यावर आलीच नव्हती. आपण मैना आहोत हे कुणाला माहीत नव्हतं तोवर चेहरा फक्त चेहरा होता. आता प्रत्येक नजर तो चेहरा कुठेतरी साठवून ठेवतेय, असं तिला वाटत होतं.

तिने ओढणी मागे टाकली. केस बाजूला केले. आणि गुडघ्यांवर बसून तिने आपलं तोंड दाराच्या फटीसमोर धरलं.

"बघ," ती म्हणाली. "तू मला कधी पाहिलेलं नाहीस. मीही तुला नाही. ही मी आहे. तुला वाटेल तितका वेळ बघ."

फटीपलीकडे अंधार होता. मग त्यात एक डोळा आला. सुजलेला, लाल, पापणीवर काजळ पसरलेला. तो ऋताच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरला. बोळात कुणीतरी खाकरलं. ऋता हलली नाही. 

"मैना नुसती हसत असते. तू एवढी काळजीत असतेस, वाटलं नव्हतं," बकुळ म्हणाली.

आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.